ताई नावाचा स्लायडर

सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पपई," मी म्हणाले.

"असं होय. मला वाटलं वाढदिवसाचा फुगा आहे."

मागे बसलेले तिघं हसले. सरांनी त्यांना पोटभर हसू दिलं आणि मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"गाव कुठलं तुझं?"

"प्रकाशा."

"वडील काय करतात?"

"शेती."

"शेतात काय लावलंय?"

आता काय होणार ते मला कळलं होतं. "पपई," मी म्हणाले, आणि या वेळी त्या तिघांनी हसू आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मग सांग. पपई पिकायला लागते ती कुठून? देठाकडून की खालून? का सगळी एकदम पिवळी होते, तुझ्या या फुग्यासारखी?"

मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं त्या शेतातून मी ये-जा केली होती, पण झाडावरच्या पपईकडे कधी धड बघितलंच नव्हतं. सर उठले आणि बाकीच्यांना म्हणाले, "बापाचं शेत पपईचं, आणि पोरीला पपई फक्त ताटात कापलेली माहीत." मी फाइल बंद केली. सरांनी ती परत उघडायला लावली आणि दिवसभर माझ्या स्क्रीनवर तशीच ठेवली.

शहाद्यात बसस्टँडच्या मागे, एका दुकानाच्या वरच्या खोलीत सरांचा क्लास होता. पुण्यात ते बरीच वर्षं कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आले, आणि इथे बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करायला लागले. सोबत आम्हा चौघांना शिकवत. परत यावं लागल्याचा राग ते आमच्यावर काढतात, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, राग वगैरे काही नव्हता. त्यांना तसं बोलायला आवडायचं, आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

ते शिकवत ते मात्र दुसरं कोणी शिकवत नव्हतं. गेममधल्या भिंती, दगड, फळं, कातडी यांच्यावर जो पोत चढवतात तो दोन प्रकारे करता येतो. एक म्हणजे खऱ्या वस्तूचा फोटो काढायचा आणि चिकटवायचा. दुसरा म्हणजे फोटो अजिबात न घेता सगळा पोत गणितातून उगवायचा. स्क्रीनवर छोटे चौकोन असतात, त्यांना नोड म्हणतात. एक नोड नुसते अस्ताव्यस्त ठिपके देतो, दुसरा त्या ठिपक्यांचे डाग करतो, तिसरा डागांच्या कडा कुरतडतो, चौथा रंग भरतो. आपण चौकोनाला चौकोन जोडत जायचं. प्रत्येकाला आकडे असतात. आकडा हलवला की सगळा पोत हलतो. सर म्हणत, "फोटो एकाच पपईचा असतो. नोडांनी केलेली पपई पाहिजे तेवढी कच्ची करा, पाहिजे तेवढी पिकवा, पाहिजे तर सडवा." फोटो चिकटवणाऱ्याला ते 'अल्बमवाला' म्हणत, आणि एकदा ते नाव पडलं की महिना-महिना निघत नसे.

मी तिथे होते ती ताईमुळे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बारावीत असताना तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपका आला, मग बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर. धुळ्याच्या डॉक्टरांचं मलम झालं, एका वैद्याचं काळं तेल झालं. कोड काही थांबलं नाही. आमच्यात मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं होत नाही, म्हणून आमचे वडील, आबा, म्हणाले, "मोठीनं जमस तवलोंग हिले काहीबाही शिकू द्या." माझं शिक्षण म्हणजे ताईच्या लग्नापर्यंतचा वेळ घालवणं होतं, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

घरात तिला कोणी टाकून बोलत नसे. फक्त पाहुणे आले की माय म्हणायची, "तू मांगे जाय," आणि ताई मागच्या खोलीत जायची. काकू आमच्याकडे आली की माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घ्यायची. आणि मी बीएस्सी झालेली. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तरी अंघोळीनंतर मी माझा टॉवेल तिच्या टॉवेलपासून लांब, खिडकीच्या गजाला अडकवायचे. कोणी विचारलं असतं तर सवय आहे म्हटलं असतं. कोणी विचारलं नाही. एक दिवस ताईनेच हातोडी घेतली, माझ्या टॉवेलसाठी समोरच्या भिंतीत नवा खिळा ठोकला आणि म्हणाली, "गजले गंज शे. टॉवेलले डाग पडी."

फुग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिलाच विचारलं, पपई कुठून पिकते. ती मला शेतात घेऊन गेली. एका झाडाशी वाकून तिने फळ हातावर तोललं.

"हाई दख. खालना टोकले पह्यले पिवयं पडस. मंग रेघ वर चढस. ज्या बाजूले ऊन, ती बाजू पह्यले." मग नखाने तिने सालीवर बारीक ओरखडा काढला. पांढरा चीक ओघळला. "आनि हाऊ चीक वायना का त्याना डाग ऱ्हास. मार्केटमा तोच दखतस."

मी पाच दिवस बसून पपई परत केली. खालच्या टोकातून निघणारी रेघ, उन्हाची बाजू, वाळलेल्या चिकाचा ओघळ. एक आकडा हलवला की रेघा हळूहळू वर चढत. सरांनी तो आकडा दोनदा मागेपुढे केला.

"हं," ते म्हणाले. मग विचारलं, "कोणी सांगितलं?"

"मीच बघितलं शेतात," मी म्हणाले.

त्या एका 'हं'वर मी पुढचे कित्येक दिवस जगले.

हिवाळ्यात सरांकडे एक मोठं काम आलं. एका गेममध्ये रोगट वस्ती होती. तिथली माणसं खेळणाऱ्याच्या अंगावर धावून येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना मारत पुढे जायचं. त्या माणसांची कातडी करायची होती. माणसं शेकडो, आणि प्रत्येकाची कातडी वेगळी दिसायला हवी. म्हणून फोटो चालणार नव्हता, नोडच हवे होते. सरांनी आम्हा चौघांनाही सांगितलं, आधी एक हात करून दाखवा. ज्याचा हात चांगला होईल तो माझ्यासोबत कामाला.

मी पहिला हात केला. सर म्हणाले, "रबरी हातमोजा." दुसरा केला, त्यावर लाल चट्टे टाकले. सर म्हणाले, "रंगपंचमी खेळून आला का हा?" तिसऱ्याला ते काही बोललेच नाहीत, नुसते पुढच्या खुर्चीकडे गेले, आणि ते सगळ्यात वाईट होतं. मी मागून जाऊन विचारलं, काय चुकतंय.

"रोग म्हणजे वरून शिंपडलेला रंग नव्हे," ते म्हणाले. "तो कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी जातो. पपईचं कळलं तुला, मग माणसाचं का कळत नाही? घरात आजारी माणूस नाही का कोणी?"

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळच्या बसमध्ये बसेपर्यंत मी ठरवलं होतं.

मिरचीचे दिवस होते. ताई दुपारी ओट्यावर बसून लाल मिरचीचे देठ खुडायची. मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले.

"काय करी ऱ्हायनी?" तिने विचारलं.

"क्लासनं काम शे. हातावरन्या रेषा पाहिजेत."

"मन्हा हात?" ती हसली. कोणाला तरी तिचे हात हवे आहेत, हे तिला खरंच वाटेना. तिने पदराला हात पुसले, उन्हात धरले आणि विचारलं, "बांगड्या काढू का? मधमा येतीन त्या."

मी म्हटलं, काढ. तिने साबण लावून एकेक बांगडी काढली. घट्ट झाल्या होत्या, हात लाल झाला. मग ती पाऊण तास उन्हात हात धरून बसली, मी सांगेन तशी बोटं पसरत, मुठी वळत. असं आठवडाभर चाललं. तिच्या कोडाकडे मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड न फिरवता बघत होते, आणि ती कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

डागांच्या कडा सरळ नसतात, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या आत-बाहेर जातात. पांढऱ्याच्या मधोमध कुठेकुठे मूळ रंगाचे बारीक ठिपके उरतात, एकेका केसाच्या मुळाशी. पेरांवर डाग आधी येतो, कारण तिथे कातडी सारखी घासते. दोन्ही हातांवर तो साधारण सारखाच चढतो, जणू एका हाताने दुसऱ्याचं बघून केलं. मिरचीच्या तिखटाने पांढरा भाग गुलाबी होतो, बाकीचा होत नाही. अंगठ्याच्या मुळाशी विळीने कापल्याची जुनी खूण होती, ती डागाच्या बरोबर काठावर. हे सगळं मी वहीत लिहिलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी इतकं बघितलं नसेल.

मग मी नोड जोडले. आधी पेरांवर आणि बोटांच्या टोकांवर बिया पडाव्यात तसे ठिपके. ठिपके वाढतात, एकमेकांना भेटतात, त्यांचं एक होतं. कडा कुरतडणारा एक नोड, मधले तपकिरी ठिपके राखणारा दुसरा. शेवटी सगळ्यांना हलवणारा एकच स्लायडर, म्हणजे मागेपुढे सरकवायची पट्टी, ठेवला, शून्यापासून एकपर्यंत. शून्यावर हात स्वच्छ, एकवर सगळा हात पांढरा. प्रत्येक स्लायडरला नाव द्यावं लागतं. मी इंग्रजी अक्षरांत 'ताई' लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही, असं मी नंतर बऱ्याचदा स्वतःला सांगितलं. पण नाव टाइप करताना मला मजा वाटली होती, हे खरं आहे.

सरांनी हात बघितला तेव्हा ते उभे होते. ते खाली बसले. स्लायडर हळूहळू सरकवला. पेरांवर डाग उगवले, पसरले, जुळले. त्यांनी मागे आणला, परत पुढे नेला.

"इकडे या सगळे," त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. "हे बघा. याला काम म्हणतात."

मी तिथे आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कोणाचं तरी असं कौतुक केलं होतं. स्लायडर अर्ध्याच्या पुढे गेला तेव्हा तिघांतला दोंडाईच्याचा मुलगा "ई ऽऽ" करून मागे सरला आणि स्वतःचा हात झटकला, जणू त्याला लागलं. सगळे हसले. सरही हसले. मीही हसले, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले, कारण त्या खोलीत हसण्याची पाळी पहिल्यांदाच माझी होती.

"ताई म्हणजे काय?" सरांनी स्लायडरवर बोट ठेवून विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

काम मला मिळालं. पुढे दोन महिने मी तो पोत हातावरून दंडावर, मानेवर, चेहऱ्यावर चढवला. ओठाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

त्याच सुमाराला तळोद्याकडचं एक स्थळ ताईसाठी आलं. मुलाकडच्यांनी फोटो मागितला. माय माझ्याकडे ताईचा फोटो घेऊन आली आणि दार लोटून घेत म्हणाली, "तुले येस ना ते कम्प्युटरनं? जरासं साफ करी दे. मंग पुढनं पुढे दखू."

मी केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. ओठाजवळचा डाग, हनुवटीखालचा, गळ्याशी दोन. हातांचा प्रश्नच नव्हता, फोटो छातीपर्यंतच होता. मायने तो बघून डोळे पुसले आणि मोबाइलवरून पुढे पाठवला. ताईला ती म्हणाली, "त्यासले समदं सांगेल शे. तरी बी येतस म्हने."

खरं का, म्हणून ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

पाहुणे आले त्या दिवशी मायने ताईला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज काढून दिला होता. ताईने तो घातला नाही. लोकांना माहीत आहे, तरी ते येताहेत, मग लपवायचं कशाला, असं तिने मला केस विंचरताना सांगितलं. इतकी मोकळी बोलताना मी तिला फार वर्षांनी बघत होते. तेव्हा मी सांगू शकले असते. मी तिच्या केसांतला फणी अडकलेला गुंता सोडवला.

ती पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आईने बशी घ्यायला हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"कोड शे," ताई सरळ म्हणाली. "तुम्हले सांगेल शे ना?"

आबा छताकडे बघत होते. बाईने पिशवीतून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि ताईसमोर धरला. "आम्हले त हाई दखाडं."

ताईने बश्या खाली ठेवल्या आणि मोबाइल हातात घेतला. एखाद्या देखण्या अनोळखी बाईकडे बघावं तसं तिने स्वतःकडे बघितलं. मग परत दिला. पाहुणे उठले. पोह्यांना कोणी हात लावला नव्हता. दारात चपला घालताना ती बाई मायला म्हणाली, आवाज न चढवता, साधं बोलल्यासारखं, "फोटोमातली पोर व्हई तुमनाकडे, त कळाडा."

तिसऱ्या दिवशी दुपारी माय आणि आबा शेतात गेले होते. मी ओसरीत लॅपटॉपवर काम करत होते. ती येऊन माझ्या शेजारी बसली.

"फोटो कसा करा ते दखाड."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी फोटो शोधायला फोल्डर उघडलं. तिथे एकाखाली एक सगळे हात होते, छोट्या चित्रांत. तिने एकावर बोट ठेवलं.

"हाऊ मन्हा हात शे."

"नही, हाऊ कम्प्युटरना—"

"विळीनी खूण शे." तिने स्वतःचा अंगठा स्क्रीनला लावला. "उघाड."

मी उघडलं. हात मोठा होऊन समोर आला. कोपऱ्यात स्लायडर होता आणि त्याच्यावर नाव. ताई इंग्रजी वाचू शकत होती, बारावीपर्यंत ती वर्गात पहिली यायची. तिने ते वाचलं.

"याना काय व्हस?" तिने विचारलं.

"डाग कमी-जास्त व्हतस."

"शून्य कर."

मी केलं. हात स्वच्छ झाला. तिने आपला हात मांडीवर पालथा ठेवला आणि स्क्रीनवरच्या हाताकडे इतका वेळ बघत राहिली की मी मध्येच स्लायडर हलवायला गेले. तिने माझं मनगट धरलं. थोड्या वेळाने स्वतःच सोडलं.

"आते एक कर."

"ताई, ऱ्हाऊ दे ना."

"कर."

मी सरकवला. पांढरं पेरांतून निघालं, बोटं भरली, पंजा भरला. मधले तपकिरी ठिपके एकेक करून गेले. शेवटी त्या हाताचा कुठला रंग होता हे सांगता आलं नसतं.

"कितला वरीसमा व्हई असं?"

"माले काय माहित?"

"तुले माहित शे. तूच करं ना." मग तिने विचारलं, "हाई कसाले करं?"

मी सांगितलं. गेम, वस्ती, अंगावर धावून येणारी माणसं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर सुचलं असतं, पण माझी सगळी हुशारी संपली होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"कोन कोन दखं?"

"सरनी. क्लासना पोरे."

"हसनात?"

मी मान हलवली.

"तू?"

स्क्रीनवर तो पांढरा हात तसाच होता. मी म्हणाले, "मी बी."

ताई उठली. आत जाऊन तिने मिरचीची पाटी आणली आणि ओट्यावर बसून देठ खुडायला लागली. मी पुष्कळ वेळ तिथेच बसून होते. मला वाटत होतं ती रडेल, मग मी तिच्याजवळ जाईन, मग सगळं मिटेल. ती रडली नाही.

त्या दिवसापासून तिने हात झाकणं सोडलं. पाहुणे आले की मागे जाणं सोडलं. काकू माठाकडे वळली की ताई आधी उठून तांब्या भरायची आणि तिच्यासमोर धरून उभी राहायची. काकू तहानलेली परत जायची. माय ओरडायची, आबा गप्प बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आबांनी रीत मोडली. मोठीचं जमत नाही म्हणून धाकटीला अडवून ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि माझ्यासाठी नंदुरबारचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, घरचे शिकलेले, शुद्ध बोलणारे. मला तो आवडला होता. मोबाइलवर आम्ही दोनदा बोललो होतो. मी काय काम करते ते त्याने खरंच समजून घेतलं होतं. ते बघायला येणार त्या दिवशी मायने ताईला सकाळीच मळ्यात पाठवून दिलं.

बोलणी छान चालली होती. मुलाचे वडील माझ्या कामाबद्दल विचारत होते. तेवढ्यात मागच्या दाराने ताई चहाचा ट्रे घेऊन आली. माय अर्धी उठली आणि तशीच खाली बसली. ताईने सगळ्यांसमोर ट्रे फिरवला, आणि शाळेतल्या मराठीत, एकही शब्द न अडखळता म्हणाली, "घ्या ना. मी हिची मोठी बहीण. कोड आहे मला. आमच्या रक्तात आहे म्हणतात, हिला अजून दिसलेलं नाही. आधी सांगितलेलं बरं, नाही का?"

मुलाच्या आईने कप उचलला, ओठांना लावला आणि खाली ठेवला. ती माणसं चांगली होती. अर्धा तास बसली, पपईचे भाव विचारले, निरोप घेतला. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. मुलाने माझे मेसेज उघडणंसुद्धा बंद केलं.

गाडी वळल्यावर मायने ताईच्या थोबाडीत मारली. ताईने गाल चोळला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आज नही हसनी तू?"

महिनाभरात ती घर सोडून गेली. तळोद्याकडे एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं, राहायची सोयही तिथेच. आबांनी अडवून बघितलं. ती पिशवी घेऊन बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

मी सरांकडे कामाला राहिले. अजून तिथेच आहे. गेम बाहेर आला, कोणीतरी त्याची चित्रफीत पाठवली, त्यात ती वस्ती दोन मिनिटं दिसते. ती मी पूर्ण बघितली नाही. आता नव्या मुलांना सुरुवातीचं मीच शिकवते, आणि मागच्या महिन्यात एका मुलीचं काम बघून मी जे बोलले त्यावर सर बाजूच्या टेबलावरून मोठ्याने हसले. ती मुलगी नंतर आली नाही.

ताईला भेटायला मी एकदाच गेले, न कळवता. दुपारची जेवणं चालली होती. पोरं ओळीने ताटं घेऊन उभी होती आणि ती भात वाढत होती, दंडापासून मोकळ्या हातांनी. तिच्या सोबतच्या दोघी बाया पहाडातल्या, आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलत होत्या, ताई अडखळत त्यांना उत्तरं देत होती. डाग दंडापर्यंत चढला होता. किती चढला, याचा अंदाज मी मनातल्या मनात आकड्यात केला, आणि मला माझीच किळस आली.

तिने मला बघितलं, एक ताट काढून भिंतीशी ठेवलं. मी जेवले. ती आली, विचारलं, "भात लेस का आखो?" मी नको म्हणाले. मग मी माफी मागायला लागले. जे बसमध्ये घोकत आले होते ते सगळं बोलले. माझं बोलून होईपर्यंत ती थांबली, मग तिने ताट उचललं.

"माय-आबा बरा शेत ना?" तिने विचारलं.

"शेत."

"बरं." तिने पदराला हात पुसले. "चारले बस शे तुन्ही. आते परत नको येऊ."

ती आत गेली. मी चारच्या बसने परत आले. त्यानंतर गेलेले नाही.